लाँग ओरिएंटियरिंग: पळायचं किती आणि वाचायचं किती

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन, रानात झेंडा लावलेल्या जागा, म्हणजे कंट्रोल, ठरलेल्या क्रमाने शोधत पळायची शर्यत; लाँग हा तिचा लांब पल्ल्याचा प्रकार. माझ्या पहिल्या लाँग शर्यतीत सातव्या कंट्रोलपर्यंत सगळं झकास चाललं होतं. आठव्याला मी शेजारच्या घळीत शिरले आणि अकरा मिनिटं प्रत्येक दगडामागे झेंडा शोधत फिरले. नकाशात दोन घळी जुळ्यांसारख्या शेजारी शेजारी होत्या. फरक एकच: हव्या त्या घळीच्या तोंडाशी दलदल होती आणि माझे बूट कोरडे होते. एवढी ढळढळीत गोष्ट लक्षात आली नाही, कारण आधीचा चढ मी धाप लागेपर्यंत पळत चढले होते. त्या दिवशी पाय शेवटपर्यंत टिकले, डोकं मात्र आठव्यालाच दमलं. तेव्हापासून माझी सगळी तयारी डोक्याभोवती फिरते.

अंतराचा हिशेब आधी नीट समजून घ्या. कोर्सची लांबी कंट्रोल ते कंट्रोल सरळ रेषेत मोजतात. कागदावर १२ किमी असेल तर माझे पाय १५ च्या आसपास पळतात, वर चढ वेगळा. जागतिक दर्जाचे पुरुष विजेते साधारण दीड तासाच्या आगेमागे लाँग संपवतात. माझ्यासारखीला अडीच तास लागतात. म्हणून शर्यतीआधीचे आठ-दहा आठवडे दर आठवड्याला एकदा दोन तासांचं पळणं ठेवते, तेही वाट सोडून, खडबडीत जमिनीवर. शेवटच्या अर्ध्या तासात खिशातून एखादा जुना नकाशा काढायचा आणि पळता पळता पुढच्या लेगचा, म्हणजे दोन कंट्रोलमधल्या टप्प्याचा, मार्ग ठरवायचा. ताज्या डोक्याने नकाशा कुणालाही वाचता येतो, सराव हवा तो दमलेल्या डोक्याचा.

लाँगचा नकाशा बहुधा १:१५,००० चा असतो. सराव १:१०,००० वर झाला असेल तर इथे फसगत ठरलेली. तिकडे एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर, इकडे १५०. नजर जुन्या मापाला सरावलेली, त्यामुळे माणूस कंट्रोलच्या बराच अलीकडे थांबून शोधायला लागतो. पावलं मोजायची सवय लावून घ्या. डावा पाय टेकला की एक, अशी माझी वाटेवर १०० मीटरला ४० होतात, जंगलात ४७-४८, चढावर साठीच्या पुढे. तुमचे आकडे तुम्हालाच मोजावे लागतील.

आदल्या रात्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. होकायंत्र, शिट्टी, पंचिंगची (कंट्रोलवर पोचल्याची नोंद करणारी) चिप, मनगटावर कंट्रोल वर्णनाची पट्टी (कुठला कंट्रोल नेमका कुठे आहे ते सांगणारी). नवे बूट चुकूनही नकोत.

सुरुवातीला सगळे तुमच्या पुढे धावतील, धावू द्या. पहिला कंट्रोल मी मुद्दाम हळू घेते, कारण नकाशा काढणाऱ्याचा हात ओळखायचा असतो. त्याने फिकट हिरवं दाखवलेलं जंगल खरंच पळण्याजोगं आहे की अंगाला ओरबाडणारं? तो किती मोठ्या दगडाला ठिपका देतो? हे दोन मिनिटांत कळतं आणि पुढचे दोन तास उपयोगी पडतं.

लाँगची खरी परीक्षा लांब लेगवर होते. माझ्या एका शर्यतीतला लेग सांगते. सरळ रेषेत १.८ किमी, मध्ये डोंगराची धार, चढ १२० मीटर. वळसा घालून पायवाटेने २.५ किमी, चढ फक्त ३० मीटर. माझा ढोबळ नियम असा की १० मीटर चढ म्हणजे १०० मीटर सपाट. म्हणजे सरळ मार्ग पडतो ३ किमीचा, वळसा २.८ चा. फरक थोडा, पण वाटेवर पुढचे तीन लेग वाचून होतात, एनर्जी जेल खाऊन होतं आणि दमही आटोक्यात राहतो. मी वळसा घेतला. एक मात्र लक्षात ठेवा, मार्ग शेवटाकडून ठरवायचा. कंट्रोलजवळ चुकणार नाही अशी ठळक खूण आधी शोधा, मग तिथवर कसं पोचायचं ते बघा. आधी वाट निवडली की शेवटचे २०० मीटर नशिबावर सोडावे लागतात.

वेगासाठी घड्याळाकडे मी जवळजवळ बघतच नाही. पुढच्या तीन खुणा मनात म्हणते: ‘कुंपण ओलांडायचं, डावीकडे टेकाड, मग सोंडेचं टोक.’ तिसरी आठवली नाही की वेग जास्त झाला, लगेच कमी करायचा. चढावर नकाशातल्या कंटूर (उंचीच्या) रेषा मोजता येईनात, तर सरळ चालायला लागते. वाटेवर जोरात, जंगलात बेताने, कंट्रोलच्या आसपास जवळपास चालत.

जेल मी तहान-भुकेची वाट न पाहता पाऊण तासाला पहिलं घेते आणि पुढे दर अर्ध्या तासाला एक. मोठ्या स्पर्धांत वाटेत पाण्याची सोय असते, कुठे ते नकाशावर पेल्याच्या चिन्हाने दाखवलेलं असतं. तिथे थांबाल तेव्हा नकाशा घडी करून अंगठा पुढच्या लेगवर आणून ठेवा.

दुसऱ्याच्या मागे पळायचा मोह शेवटच्या तासात फार होतो. पण लाँगमध्ये घोळके फोडायला फुलपाखरी लूप ठेवतात. एकाच मधल्या कंट्रोलवरून वेगवेगळे धावक पाकळ्या वेगवेगळ्या क्रमाने घेतात. पुढचा माणूस भलत्याच पाकळीवर निघालेला असू शकतो. पंच करण्याआधी कंट्रोलवरचा कोड (त्याचा ओळख क्रमांक) मोठ्याने वाचा, लोक हसले तरी चालेल.

आणि चुकलात तर? शोधत फिरू नका. मी अर्ध्या मिनिटाची मुभा देते. तेवढ्यात जमीन आणि नकाशा जुळले नाहीत, तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे जाते. आठव्या कंट्रोलच्या वेळी वाटेचा फाटा १५० मीटर मागे होता. जाऊन परत यायला तीन मिनिटं लागली असती.

शर्यत संपली की त्याच संध्याकाळी, घड्याळातला जीपीएसचा माग उघडण्याआधी, पेनने आपला मार्ग नकाशावर आठवून काढा. जिथे रेघ काढताना हात अडखळतो, तिथे त्या दिवशी तुम्ही न वाचता पळत होतात. माझ्या जुन्या नकाशांवर त्या जागांना मी गोल करून ठेवलेत, आणि बहुतेक गोल एखाद्या चढाच्या माथ्यावर आहेत.