मटणाच्या चापांना घरच्या घरी धुरी: माझा अनुभव

फ्लॅटमध्ये चूल नाही, अंगण नाही. मटणाच्या चापा कुकरला शिजवून तव्यावर कितीही खरपूस परतल्या तरी निखाऱ्यावरचा तो वास काही येईना. शेवटी धुरीनेच काम झालं.

परतलेल्या चापा जाड बुडाच्या पातेल्यात कडेने रचते, मधोमध स्टीलची वाटी. लाकडी कोळसा जाळीवर ठेवून गॅसवर लालबुंद करायचा, वाटीत टाकून वर दोन लवंगा आणि चमचाभर तूप. चर्र होऊन पांढरा धूर उसळतो, त्याच क्षणी घट्ट झाकण! धूर ओलसर, तुपकट अंगाला छान धरतो, म्हणून आधी चापांना शिजवलेल्या मसाल्याचा दाट रस चोपडते. 5 ते 7 मिनिटं पुरे. त्यापुढे कडवटपणा उतरतो. खिडकी मात्र उघडी हवीच.