सायटोकाइन आणि ॲडेनोसिनचा ए१ रिसेप्टर : प्रयोगाची आखणी कशी करावी

गोव्यात जीवतंत्रज्ञान किंवा प्राणिशास्त्र घेऊन एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, आणि मेंदूतील दाह व चेतापेशींचे संरक्षण असा विषय प्रकल्पासाठी निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही मांडणी आहे. विषय मोठा असल्यामुळे प्रश्न एकच ठेवावा : इंटरल्यूकिन-६ (पुढे आयएल-६) या सायटोकाइनमुळे, म्हणजे पेशींनी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडलेल्या प्रथिनामुळे, चेतापेशींवरील ए१ रिसेप्टर (ॲडेनोसिन या रेणूचा निरोप घेणारे प्रथिन) वाढतो का, आणि वाढलाच तर त्यामुळे पेशी वाचतात का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे गृहीत धरल्यामुळेच बहुतेक प्रकल्प कच्चे राहतात.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ॲडेनोसिनचे ए१, ए२ए, ए२बी आणि ए३ असे चार रिसेप्टर आहेत. त्यांपैकी ए१ हा चेतासंधीपूर्व टोकातील कॅल्शियमचा प्रवेश रोखून ग्लुटामेट या चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या रसायनाचे स्रवण कमी करतो आणि पलीकडच्या पेशीत पोटॅशियमची वाट उघडून तिला शांत ठेवतो. प्राणवायू कमी पडला किंवा आकडी आली की ॲडेनोसिनची पातळी वाढते आणि हाच रिसेप्टर लगाम घालतो. आयएल-६ मुळे मेंदूतील ॲस्ट्रोसाइट पेशींत (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींत) ए१ चा संदेशवाहक आरएनए वाढतो, असे क्नुट बिबर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले. पुढे २००८ मध्ये त्यांनी चेतापेशींतही ए१ ची निर्मिती आणि कार्य दोन्ही वाढतात, ग्लुटामेटच्या माऱ्यातून पेशी वाचतात आणि रसायनाने आणलेल्या आकडीपासून प्राण्यांचे संरक्षण होते, असे मांडले. आपल्याला यातील एखादाच दुवा, पण नीट, तपासायचा आहे.

उंदराच्या मेंदूतून चेतापेशी काढायच्या असतील, तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी. त्यासाठीचा अर्ज जूनमध्येच द्यावा, कारण या पेशी परिपक्व व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि चवथीच्या सुट्ट्या नेमक्या त्या दिवसांच्या मधोमध आल्या, तर माध्यम बदलायला कोणी उरत नाही. पेशी वाढवण्याच्या नेहमीच्या बी-२७ पूरकात कॉर्टिकोस्टेरॉन असते, आणि स्टेरॉइड सायटोकाइनचे काम दाबतात. म्हणून पूरक कोणते वापरले, याची नोंद ठेवावी व सर्व गटांत तेच वापरावे. ॲस्ट्रोसाइट पेशींची संख्या रोखण्यासाठी सायटाराबिन घालावे. ते करूनही काही ॲस्ट्रोसाइट उरतातच, म्हणून पेशींना रंग देऊन त्यांचे प्रमाण मोजावे. नाहीतर वाढलेला ए१ चेतापेशींचा की त्यांच्या शेजाऱ्यांचा, हे सांगता येणार नाही.

आता आयएल-६ कडे. तो गोठवून सुकवलेल्या पुडीच्या रूपात कुपीत येतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत थंड कुपी लगेच उघडली, तर आत पाणी जमते. म्हणून ती बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, थोडी फिरवून पूड तळाशी आणावी, मग थोड्या अल्ब्युमिनयुक्त द्रावणात विरघळवून लहान लहान भाग करून उणे ८० अंशांवर ठेवावेत. एक भाग एकदाच वितळवावा. वीज गेली की तो शीतकपाट जनरेटरवर चालतो की नाही, हे कुपी आणण्याआधीच विचारून घ्यावे.

याहून मोठा धोका जंतुविषाचा, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइडचा. बाजारातील बराचसा आयएल-६ ई. कोलाय जिवाणूंत तयार होतो, आणि त्यात लिपोपॉलिसॅकराइडचा अंश राहू शकतो. हा अंश सूक्ष्मग्लिया पेशींना (मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींना) चेतवतो, त्यांतून टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ बाहेर पडतात, आणि ही दोन्ही सायटोकाइन ए२ए रिसेप्टरची निर्मिती वाढवू शकतात. म्हणजे आपण ए१ मोजत असताना पडद्यामागे दुसरेच चालू असते. यावर सोपा उपाय असा की, उकळलेल्या आयएल-६ चा एक गट ठेवावा. उकळल्याने प्रथिन निकामी होते, पण जंतुविष टिकते. त्या गटातही परिणाम दिसला, तर श्रेय आयएल-६ ला देऊ नये. हा गट मला बाकी कोणत्याही कंट्रोलपेक्षा (तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा) महत्त्वाचा वाटतो.

मोजमाप तीन पायऱ्यांवर करावे. पहिली पायरी संकेताची : आयएल-६ दिल्यानंतर १५ ते ३० मिनिटांत आयएल-६ चा निरोप पेशीच्या आत नेणाऱ्या स्टॅट३ या प्रथिनावर फॉस्फेट चढले का, ते पाहावे; चढले नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण पेशीला निरोपच पोचलेला नाही. दुसरी पायरी आरएनए आणि रिसेप्टरची. आरएनए २, ६ आणि २४ तासांनी मोजावा, कारण नवा रिसेप्टर बनायला वेळ लागतो. ए१ ची अनेक प्रतिपिंडे भलत्याच प्रथिनांनाही चिकटतात, त्यामुळे केवळ वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीच्या) पट्टीवर भिस्त ठेवू नये; ए१ ला चिकटून तो अडवणाऱ्या डीपीसीपीएक्स या रसायनाच्या ट्रिशियमयुक्त (किरणोत्सारी) रूपाचे बंधन मोजण्याची सोय असेल, तर ते अधिक भरवशाचे.

तिसरी पायरी संरक्षणाची, आणि इथे क्रम चुकला तर सगळा प्रयोग फुकट जातो. पेशींना २४ तास आयएल-६ द्यावा, मग ग्लुटामेट. डीपीसीपीएक्स हा ए१ चा अवरोधक ग्लुटामेटच्या जरा आधीच घालावा, आयएल-६ सोबत दिवसभर ठेवू नये. अवरोधक दीर्घकाळ राहिला तर पेशी स्वतःहून ए१ वाढवू शकते, आणि आपण शोधत असलेला परिणाम व त्याची नक्कल वेगळी काढता येत नाही. डीपीसीपीएक्सचे द्रावण डीएमएसओ या द्रावकात होत असल्याने तेवढाच डीएमएसओ प्रत्येक गटात हवा. मृत पेशी मोजण्यासाठी फुटलेल्या पेशींतून माध्यमात गळलेले एलडीएच हे विकर पाहावे. एमटीटी चाचणी चयापचय मोजते, मृत्यू नव्हे.

आकडे मांडताना एकाच ताटलीतील सहा खाचा म्हणजे सहा प्रयोग असे धरू नये; वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पिल्लांपासून केलेली प्रत्येक पेशीवाढ म्हणजे एक प्रयोग. आरएनए वाढला पण डीपीसीपीएक्समुळे संरक्षण हटले नाही, तर निष्कर्षात आयएल-६ ने पेशी वाचवल्या, मात्र त्या ए१ मार्फत वाचल्याचा पुरावा मिळाला नाही, असेच लिहावे, आणि त्याच नमुन्यांतील ए२ए चा आरएनए मोजून तो आकडाही शेजारी द्यावा.