भातानंतर नांगराविना वाल पेरायचाय? यंत्र असं निवडा

आधी बांधांमधली जागा मोजा, मग यंत्र बघा. ९ दात्यांचं शून्य मशागत यंत्र (न नांगरता थेट पेरणारं) ओढायला ३५ ते ४५ एचपीचा ट्रॅक्टर लागतो. डोंगरउताराच्या मजग्यांत, म्हणजे पायऱ्यांसारख्या अरुंद शेतांत, तो वळतच नाही. तिथे बी टोचून पेरणारं हाताचं टोकण यंत्र बरं.

मोठ्या सलग खाचरात उलट्या टी आकाराच्या फाळाचं यंत्र घ्या. हा फाळ अरुंद चीर पाडतो, ओल फारशी उडत नाही. मात्र सुटा पेंढा दात्यांत अडकून गोळा होतो, म्हणून भात जमिनीलगत कापून पेंढा उचलावा. फाळाऐवजी गोल फिरता तवा असलेली यंत्रंही असतात; तवा पेंढा कापतो खरा, पण ओल्या जमिनीत तोच पेंढा चिरीत दाबतो आणि बी अधांतरी राहतं. जांभ्याच्या खड्यांत फाळाची टोकं लवकर झिजतात. ती बदलता येणारीच हवीत.

माती बोटांना चिकटत असेल तर थांबा. चिकट मातीत चिरीच्या भिंती लिंपल्या जातात, चीर उघडी राहते. बी ४-५ सेंमी खोल पडावं.

यंत्र विकत घेण्याआधी ते किती बी सोडतं ते मोजून बघा. चाकाचा घेर १.२५ मीटर, पेरणीची रुंदी १.८ मीटर असेल तर चाकाच्या २० फेऱ्यांत ४५ चौरस मीटर होतात. हेक्टरी ६० किलोला २७० ग्रॅम बी पडायला हवं. प्रत्येक नळीखाली वेगळी पिशवी बांधा. एखादी रिकामी निघू शकते.