टाक्यांमधल्या सिग्नलवरून वैश्विक किरणाची ऊर्जा कशी काढायची

अर्जेंटिनातल्या मालार्ग्वेजवळ पिएर ओजे वेधशाळेच्या १६००हून जास्त टाक्या ३००० चौरस किलोमीटरवर पसरल्या आहेत. शेजारच्या दोन टाक्यांत १.५ किलोमीटर अंतर, प्रत्येकीत १२,००० लिटर अतिशुद्ध पाणी आणि त्यात डोकावणारे तीन मोठे फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अगदी मंद प्रकाशही टिपणाऱ्या नळ्या. वेधशाळेने २०२१मध्ये नोंदींचा काही भाग सर्वांसाठी खुला केला. त्यातली एखादी घटना घेऊन हे गणित घरी करता येतं.

आधी घटना पारखून घ्या. सर्वांत मोठा सिग्नल मिळालेल्या टाकीभोवतीच्या सहाही टाक्या त्या वेळी चालू हव्यात. एखादी बंद असेल तर कणवर्षावाचं, म्हणजे वैश्विक किरण हवेवर आदळून खाली कोसळणाऱ्या कणांच्या सरीचं, केंद्र भलतीकडे सरकतं आणि पुढचं सगळंच बिघडतं. उभ्या रेषेपासून ६० अंशांहून तिरपे वर्षाव बाजूला ठेवा. त्यांची पद्धत वेगळी आहे.

मग दिशा काढा. वर्षाव दोन शेजारच्या टाक्यांच्या ओळीतूनच आला आणि वेळेत २.५ मायक्रोसेकंदांचा फरक पडला, असं समजा. तेवढ्या वेळात प्रकाश ७५० मीटर जातो. ७५० भागिले १५०० म्हणजे साइन ०.५, म्हणून उभ्या रेषेपासूनचा कोन ३० अंश. ओळ ठाऊक नसते, म्हणून एका रेषेत नसलेल्या किमान तीन टाक्या लागतात. वर्षावाची आघाडी बशीसारखी वाकलेली असते, त्यामुळे दूरच्या टाक्या थोड्या उशिरा नोंदवतात, तेवढं चालतं. पण एखादी टाकी आघाडीच्या बरीच आधी वाजली असेल तर ती गाळा. प्रत्येक टाकीतून सेकंदाला सुमारे २५०० म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) असेही जात असतात, त्यातलाच तो एक. हेच म्युऑन मोजपट्टीही देतात: सरळ उभ्या गेलेल्या एका म्युऑनचा सिग्नल म्हणजे एक एकक.

आता सिग्नल आणि केंद्रापासूनचं अंतर यांचा आलेख काढून १००० मीटरवरची किंमत वाचा. केंद्राजवळच्या टाकीचा सिग्नल कमाल मर्यादेला टेकलेला असू शकतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. या मांडणीत १००० मीटरवर आलेखाच्या नेमक्या आकाराचा परिणाम सर्वांत कमी होतो.

तिरपा वर्षाव जास्त हवेतून येतो, ६० अंशांवर जवळपास दुप्पट, म्हणून कमजोर दिसतो. ही किंमत ३८ अंशांवर किती आली असती ते काढा, तिचा १.०३१ घात घ्या आणि ०.१८६ने गुणा. उत्तर एक्साइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये येतं, म्हणजे एकावर १८ शून्यं इतक्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या एककात. ५० एककांना सुमारे १०.५ मिळतात.

सूत्रातले हे आकडे वर्षावाच्या संगणकी प्रतिकृतींतून आलेले नाहीत, आणि ते बरंच आहे: प्रतिकृती म्युऑन कमी दाखवतात. वेधशाळेच्या दुर्बिणी वर्षावामुळे हवेतल्या नायट्रोजनला येणारी अतिनील चमक मोजतात, पण स्वच्छ, अंधाऱ्या रात्रीच, म्हणजे सुमारे १५ टक्के वेळ. टाक्या आणि दुर्बिणी दोन्हींनी टिपलेल्या घटनांवरून हे सूत्र बसवलं आहे. दुर्बिणींच्या मोजणीतली सुमारे १४ टक्के अनिश्चितता त्यामुळे तुमच्या उत्तरातही येते. ती शेजारी लिहा.