व्रोत्सवाफला नव्याने येणाऱ्यांसाठी: झुझेल आणि त्याचे स्वार

पोलंडमधल्या व्रोत्सवाफला नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी माणसाला भाडेकरार, निवास-परवाना आणि हिवाळी बूट यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. झुझेलविषयी मात्र कोणी सांगत नाही, आणि मग एप्रिल उजाडला की ऑफिसातल्या सोमवारच्या गप्पांत तो मुकाट्याने चहा ढवळत बसतो. माझी पहिली दोन वर्षे तशीच गेली.

झुझेल म्हणजे मोटरसायकलींचा स्पीडवे. चार स्वार, चार फेऱ्या, जेमतेम एक मिनिट. पाचशे सीसीच्या गाडीला गिअर एकच, इंधन मिथेनॉलचे आणि ब्रेक मुळीच नाही. डाव्या बुटाला पोलादी तळ लावलेला असतो, तो जमिनीला टेकवून आणि मागचे चाक मुद्दाम घसरवून वळण घेतले जाते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा, आणि लीगच्या सामन्यात अशा 15 शर्यती. मधल्या वेळात ट्रॅक्टर फिरवून, पाणी मारून ट्रॅकची माती अशी काही जपतात की कोल्हापूरच्या माणसाला तालमीतला आखाडा आठवावा.

स्टेडियमवर माझ्या शेजारी बसणारे आजोबा (पुरुषाला इथे आदराने ‘पान’ म्हणतात, त्यावर हसू नये) प्रत्येक शर्यतीनंतर छापील कार्यक्रमपत्रिकेच्या चौकटींत बॉलपेनने गुण भरतात. एखादा आकडा ते गोल करतात. मी कारण विचारले, तेव्हा कळले की सहकाऱ्याच्या पाठोपाठ येणाऱ्याला बोनस मिळतो. त्या एका प्रश्नाने आमची ओळख झाली.

त्यांच्याकडूनच मला या स्वारांचा पेशा समजला. क्लब हंगामाच्या तयारीसाठी काही रक्कम देतो आणि पुढची कमाई गुणांवर ठरते. गाड्या, इंजिने, मेकॅनिक आणि प्रवासाची व्हॅन हे सारे स्वाराने आपल्या खिशातून सांभाळायचे असते. म्हणूनच पोलंडमधला सामना आटोपून मंगळवारी स्वीडनच्या लीगमध्ये उतरणारे पुष्कळ असतात. संघात ज्युनिअर स्वारांसाठी राखीव जागा असतात, पण एकविशी उलटली की ती सवलत संपते, आणि गावाने डोक्यावर घेतलेली कितीतरी पोरे तिथेच मागे पडतात. मला या खेळातली सर्वांत निर्दय गोष्ट अपघातापेक्षा हीच वाटते.

तोमाश गोलोब हे नाव मात्र ठाऊक असलेच पाहिजे. बिदगोश्चच्या या स्वाराच्या हाती 1999 मध्ये विश्वविजेतेपद जवळजवळ आले होते, तेव्हा आपल्या व्रोत्सवाफमध्येच, एका वेगळ्या स्पर्धेत, त्यांना भीषण अपघात झाला आणि किताब स्वीडनच्या टोनी रिकार्डसन यांच्याकडे गेला. पुढे 2010 मध्ये, वयाच्या 39व्या वर्षी, त्यांनी तो मिळवला. 1973 च्या येझी श्चाकिएल यांच्यानंतरचे ते दुसरेच पोलिश विश्वविजेते. 2017 मध्ये मोटोक्रॉसच्या सरावात त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तो विषय नवख्याने आपणहून काढू नये. बार्तोश झ्मार्झ्लिक यांच्याविषयी खुशाल बोलावे: 2019 ते 2024 या काळात त्यांनी पाच किताब जिंकले, शिवाय 2023 मध्ये नियमबाह्य पोशाखामुळे डेन्मार्कच्या फेरीतून बाद होऊनही किताब राखला, आणि त्या पोशाखावर अजून वाद घालता येतो.

पहिल्यांदा ऑलिम्पिक स्टेडियमवर जाताना स्पार्टाचा, म्हणजे इथल्या क्लबचा, पिवळा-लाल स्कार्फ घ्यावा. पहिल्या वळणाजवळ बसणार असाल तर चष्मा लावावा, कारण माती थेट तोंडावर येते. खाण्याचा डबा झाकलेला ठेवावा. घरच्या संघाची हेल्मेटे लाल आणि निळी असतात, एवढे पाठ करून जावे. आणि पेन दोन न्यावेत. शेजारच्याचे हमखास अकराव्या शर्यतीला संपते.