ट्रॉल सर्वेक्षण: या चुका टाळा

40 किलो मासे आले, हे कोणीही लिहून आणतं. ते समुद्राच्या किती तळावरून आले, असं विचारलं की वही गप्प. रत्नागिरीच्या पट्ट्यात ट्रॉलने, म्हणजे तळावरून ओढायच्या जाळ्याने, तळाच्या माशांचे नमुने घेताना माझ्या आणि इतरांच्या ज्या चुका पाहिल्या, त्यातल्या बहुतेक माशांच्या नव्हत्याच, भागाकाराच्या होत्या.

सगळ्यात महागात पडते जाळ्याच्या तोंडाची रुंदी. वरचा दोर 30 मीटरचा, म्हणून तोंडही 30 मीटर उघडलं असं धरू नका. पाण्यात दोर कमानीसारखा वाकतो. मोजायला सेन्सर नसेल तर आपल्या उष्ण समुद्रात साधारण निम्मी लांबी धरायचा प्रघात आहे. 3 नॉटने तासभर ओढलं की अंतर साडेपाच किलोमीटर होतं. 15 मीटर रुंदीने झाडलेला तळ येतो 0.083 चौरस किलोमीटर, आणि 40 किलोचा हिशेब दर चौरस किलोमीटरला 480 किलो. रुंदी 30 धरलीत तर त्याच समुद्रात 240 किलोच मासा उरतो! अंतरही जीपीएसवरून, जमिनीच्या हिशेबाने घ्या. भरती-ओहोटीच्या ओढीत इंजिनाच्या वेगावर भरवसा नको. आणि घड्याळ सुरू करायचं ते जाळं तळाला बसल्यावर, पाण्यात सोडल्यावर नव्हे.

जाळं तळाला बसलं होतं का, हे बोट चालवणाऱ्या तांडेलाला विचारा. तो खोळा, म्हणजे जाळ्याची मागची पिशवी, उघडायच्या आधी तोंड फाकवणाऱ्या फळ्यांच्या बुडाची लोखंडी पट्टी बघतो. घासून चकचकीत झाली असेल तर ठीक. गंज तसाच, खोळ्यात लेप नाही, खेकडा नाही, चिखलाचा गोळाही नाही आणि वर बांगडाच बांगडा, तर जाळं अधांतरी फिरलंय. जाळं ओढायची वायर वाढवा, वेग थोडा उतरवा आणि खेप पुन्हा घ्या.

डेकवरच्या ढिगातून वरवरची टोपली भरून नमुना घेऊ नका. बारीक राणीमासे आणि कोळंबी खाली झिरपतात, वर पाकट आणि शिंगाडे दिसतात. मोठे मासे आधी बाजूला काढून सगळे मोजा, उरलेला ढीग फावड्याने कालवा, मग टोपली भरा. टोपलीचं आणि पूर्ण ढिगाचं, दोन्ही वजनं लिहायची.

दिवसाच्या आणि रात्रीच्या खेपा एकत्र करू नका. वाकटीची पिल्लं रात्री वर चढतात, मोठी वाकटी, म्हणजे बला, मात्र दिवसा वर खाऊन रात्री तळाला येते. म्हणजे एकाच जातीत दोन उलटी वेळापत्रकं.

ऋतूचंही तसंच. पावसाळ्याच्या शेवटी पश्चिम किनाऱ्यावर कमी प्राणवायूचं पाणी उथळ भागात सरकतं, मासे तिथून हलतात. सप्टेंबरात खेपा हलक्या आल्या म्हणून साठा घटला असं लिहून मोकळे होऊ नका. तळाच्या पाण्यातला प्राणवायू मोजून आणा. त्यातून 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी, त्यामुळे मे आणि ऑगस्टची तुलना करताना दहादा विचार करा.

खडकाळ तळावर ट्रॉल नकोच. तिथला हेकरू जाळ्यात येत नाही, जाळंच खडकात राहतं. सापळे नाहीतर पाण्याखालचा कॅमेरा वापरा.

रिकाम्या खेपेची चूक माझी स्वतःची. 12 पैकी 3 खेपा कोऱ्या आल्या होत्या. लाज वाटून त्या गाळल्या आणि सरासरी 9 वर काढली; आकडा थेट एक तृतीयांशाने फुगला. जाळं फाटलं तर खेप बाद. शाबूत जाळं रिकामं आलं तर वहीत शून्य लिहायचं.