बेटांवरची कविता वाचताना

मॉरिशसची कविता हाती घेण्यापूर्वी चार साले वहीत टिपून ठेवावीत. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला, १८१० मध्ये ते इंग्रजांकडे गेले, १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मोठ्या संख्येने नेले गेले आणि १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला.

त्यानंतर कवितेतला प्रवासी कोण, हे शोधावे. पर्यटकाला निळा आणि मोकळा दिसणारा समुद्र राजधानी पोर्ट लुईमध्ये मजूर जिथे उतरत त्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून आलेल्या मजुराच्या नातवाला परतीची वाट अडवणारा वाटू शकतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ वेगळे करता आले की कविता उलगडू लागते.

भाषेकडे मात्र सर्वांत अधिक वेळ द्यावा. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या वाचकाला इथे मोठाच आधार आहे. आपण रागावतो कोणत्या भाषेत, घासाघीस करतो कोणत्या भाषेत, हे आधी आठवावे आणि मग कवी फ्रेंच सोडून क्रिओलकडे, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या रोजच्या बोलीकडे, नेमका कोणत्या ओळीत वळतो तिथे खूण करावी. (कोकणातून गेलेल्यांची झाकरी, म्हणजे गाण्यासह होणारा लोकनाच, तिथे आजही सादर होते, हे ऐकून मला भरून येते.) अनुवाद करताना क्रिओल शब्द तसाच ठेवावा. आपला सीमाप्रश्न आणि तिथली गुलामगिरी यांना एका मापाने मात्र मोजू नये.